दुरुस्त नकाशा

पहिला नकाशा मी घरीच काढला,
वाशीत, नवव्या मजल्यावर, एसी लावून.
बारा खोल्या, मधे चौक, चौकात कडुनिंबाचं वर्तुळ.
घणसोलीचा तो उरलेला त्रिकोणी प्लॉट
कागदावर अगदी समंजस दिसत होता.

तुळसाबाई पाचंग्यांनी तो उलटा धरला.
"यात माझं डोकं कुठंय?"
मी पलंगावर पेन्सिल टेकवली.
"मग दार मागं येतं की."

अकरा वर्षं सानपाड्याच्या पुलाखाली
तिसऱ्या खांबाला पाठ लावून निजलेली बाई.
पाठीशी काहीतरी पक्कं हवं,
आणि येणारा दिसायला हवा.
पाच वर्षांच्या कॉलेजात हे
कुणीच शिकवलं नव्हतं.
खोडरबर घेतलं. बाराही पलंग फिरले.

नरसय्यानं तुर्भ्याच्या खाणीत दगड फोडले होते,
हे शहर भरावावर उभं राहत होतं तेव्हा.
त्यानं खोलीचं काही विचारलं नाही.
विचारलं ते कडीचं.
"आतून का बाहेरून?"
आतून, मी म्हटलं.
"बाहेरून पण?"
असते नियमात. आजारपण, आग, वगैरे.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, एकदा भिकारी समजून गाडीत घातलं,
चार महिने एका हॉलमध्ये.
"तिथं पण पंखा होता, बाई. जेवण पण होतं."

बाहेरून उघडता येईल, पण लावता येणार नाही
असं कुलूप शोधायला तीन आठवडे गेले.
ठाण्यात जांभळी नाक्याजवळचा हार्डवेअरवाला म्हणाला,
असलं कोण मागतं हो?

कपाटं ऑफिसला लागून रांगेत दाखवली होती.
इस्माईल तांबोळी त्यावर नुसता हसला.
तुळसाबाई तिथंच सतरंजीवर आडवी झाली,
हात लांब केला. मी टेप लावला.
तेवीस इंच.
फळी आली उशीपासून तेवीस इंचांवर,
बोचक्याएवढी रुंद.

राऊळ इंजिनिअर खर्च कापत कापत
टपालपेट्यांपाशी येऊन थांबले.
"बारा पेट्या? यांना पत्र कोण धाडणार?"
मला उत्तर सुचलं नाही.
चौकातली शहाबादी कापून दिली, कोबा चालेल म्हटलं.
पुढे कळलं, इस्माईल त्याच्या पेटीत
विड्यांचं बंडल लपवतो.
वरचं नाव मात्र रोज फडक्यानं पुसतो.

दिवाळी उलटल्यावर सहज गेले.
रॅम्पखाली एक कुत्रं, नकाशात नसलेलं.
चौकात कपडे वाळत टाकलेले,
दोऱ्या मी न योजलेल्या खिळ्यांवरून.
तुळसाबाईचं दार उघडंच.
ती खाली, पुठ्ठ्यावर, भिंतीला पाठ.
पलंगावर बोचकं,
स्टोव्हची पितळी टाकी, मोडक्या काडीची छत्री,
काच नसलेला नवऱ्याचा फोटो,
आणि या सगळ्यावर नीट ओढलेली चादर.

माझ्या पोटात कालवलं.
उंची चुकली? गादी?
अठरा इंच जास्त झाले का या गुडघ्यांना?

"तुझं काय चुकलं नाही गं.
त्याला बिचाऱ्याला इतकी वर्षं
कुठं टेकायला मिळालं?
माझं काय, मला सवय आहे."

मग म्हणाली, जा आता, माझी निजायची वेळ झाली.
आणि माझ्या तोंडावर, अगदी हळू, दार लावलं.
कडी सरकल्याचा आवाज आला.
पुन्हा उघडली. पुन्हा लावली.

खाली येऊन गाडीत बसले, वही काढली.
फरशी थंड लागते का,
विचारायचं राहूनच गेलं.